नाटक कॅमेऱ्यात धरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौशी संस्था, स्पर्धेतली कॉलेजची मुलं, परदेशातली महाराष्ट्र मंडळं आणि अधूनमधून एखादे निर्माते आम्हाला फोन करून जे विचारतात, ते प्रश्न इथे शक्यतो त्यांच्याच शब्दांत दिले आहेत. आम्ही नाटकं चित्रित करणारी लहानशी टोळी आहोत, वकील नाही. कायद्याचं जे लिहिलं आहे ते कामापुरतं आहे. सही करण्याआधी करार जाणकाराला दाखवाच.

१. नाटक शूट करायचं म्हणजे समोर कॅमेरा लावला की झालं ना?

ते कशासाठी हवंय यावर आहे. एकाच नावाखाली लोक तीन वेगळी कामं मागतात. पहिलं म्हणजे नोंद: एक कॅमेरा, पूर्ण रंगमंच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. बदली कलाकाराला हालचाली बसवून द्यायला किंवा दहा वर्षांनी नाटक पुन्हा उभं करायला याचा उपयोग होतो. दुसरं म्हणजे घरी बसलेल्या प्रेक्षकाला नाटक दाखवणं. तिसरं म्हणजे नाटकावरून सिनेमा. 'शांतता! कोर्ट चालू आहे'वर सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली केला तो सिनेमाच होता, प्रयोगाचं चित्रीकरण नव्हे. पु.लं.ची एकपात्री 'बटाट्याची चाळ' आज पडद्यावर बघतो, ते दुसऱ्या प्रकारात येतं.

या पानावरचे बहुतेक प्रश्न दुसऱ्या प्रकाराबद्दल आहेत. पहिल्या प्रकाराचं बजेट देऊन दुसऱ्या प्रकाराची अपेक्षा ठेवली की भांडणं होतात. आमची तरी सगळी त्यावरूनच झाली आहेत.

२. पडद्यावर दिसलं तर तिकीट काढून कोण येणार?

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने २००६च्या डिसेंबरात चित्रपटगृहांमध्ये थेट प्रक्षेपण सुरू केलं. लंडनच्या नॅशनल थिएटरने २००९ साली हेलन मिरेनच्या 'फेद्र'पासून तेच केलं, आणि त्यांची नाटकं मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रातही दाखवली गेली. दोन्ही संस्थांचे प्रयोग चालूच राहिले. पण त्या संस्था पडद्यासाठीही तिकीट लावतात, फुकट सोडून देत नाहीत.

आमचं मत विचाराल तर, प्रयोग जोरात चालू असताना पूर्ण नाटक यूट्यूबवर टाकू नका. चित्रीकरण मात्र तेव्हाच करून ठेवा, कारण संच रुळलेला असतो. प्रदर्शन नंतर करता येतं. 'हॅमिल्टन' हे ब्रॉडवेचं संगीत नाटक २०१६च्या जूनमध्ये चित्रित झालं आणि लोकांना घरबसल्या दिसलं २०२०च्या जुलैमध्ये.

३. एका कॅमेऱ्यात भागेल का?

नोंदीसाठी भागेल. प्रेक्षकांसाठी निदान तीन हवेत: मधोमध एक मास्टर, ज्यात पूर्ण रंगमंच कायम दिसतो, आणि दोन बाजूंनी दोन. एकपात्रीला दोनही पुरतात.

दोनच कॅमेरे परवडत असतील तर "एकाने फोर-के, म्हणजे जास्त बारकाव्याचं चित्र घेऊ आणि नंतर कापून क्लोजअप काढू" असा हिशोब लोक करतात. थोडंफार चालतं, पण मधोमधच्या जागेवरून कापलेला क्लोजअप हा मोठा करून दाखवलेला तोच शॉट असतो. दोन पात्रं एकमेकांकडे तोंड करून बोलत असतील तर तुम्हाला दोन कान मोठे दिसतात.

४. कॅमेरे कुठे ठेवायचे?

मास्टर साधारण सभागृहाच्या मध्यावर, पुढे बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर येईल इतक्या उंचीवर. बाल्कनीच्या कठड्यावरून शॉट सुरेख दिसतो, पण तिथून नटांची डोकी आणि रंगमंचाची लाकडी जमीनच जास्त येते. शिवाय शेजारचे काका पाय हलवू लागले की कॅमेराही हलतो.

बाजूचे कॅमेरे पाचव्या-सातव्या रांगेच्या आसपास, आणि तेही उलटे: डावीकडचा कॅमेरा उजवीकडच्या पात्राचा चेहरा घेतो, उजवीकडचा डावीकडच्याचा. तिन्ही कॅमेरे प्रेक्षकांच्या बाजूलाच राहतात, त्यामुळे कोण कुठे बघतंय याचा गोंधळ होत नाही. विंगेतून एखादा शॉट घ्यायचा मोह होतो, पण त्यात समोरची विंग, पाण्याची बाटली घेऊन उभा असलेला बॅकस्टेजचा माणूस आणि पुढच्या एंट्रीची वाट बघणारा नट असे सगळे येतात.

कॅमेऱ्यांसाठी आणि त्यांच्या मागच्या बाजूच्या खुर्च्या तिकीटविक्री सुरू होण्याआधीच अडवून ठेवा. येण्याजाण्याच्या वाटेत स्टँड लावू नका. नाट्यगृहाचे लोक हटकतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

५. कॅमेरामन अनुभवी आहेत, त्यांना नाटक आधी दाखवायची गरज आहे का?

आहे. लग्नं शूट करणारा उत्तम कॅमेरामन नाटकात चुकतो, कारण तो बोलणाऱ्याकडे कॅमेरा वळवतो. नाटकात बरेचदा ऐकणारा महत्त्वाचा असतो. सुनेने "घर विकायचं ठरलंय" म्हटल्यावर कॅमेरा सासऱ्यांवर हवा, आणि ते वाक्य येण्याआधी तिथे पोचलेला हवा. हे कळायला संहिता वाचावी लागते.

आमची पद्धत अशी: कॅमेऱ्याशिवाय एक प्रयोग बघायचा, मग छापील संहितेच्या समासात कॅमेऱ्याचे आकडे लिहायचे, मग शक्य असेल तर रंगीत तालमीत सगळे कॅमेरे लावून एकदा सराव करायचा. प्रयोगाच्या वेळी एकजण संहिता समोर धरून हेडफोनवर कुजबुजत असतो: "दोन, आजीवर जा... तीन, थांब, ती उठणार आहे."

६. क्लोजअप किती घ्यावेत? आमचे दिग्दर्शक म्हणतात, नाटकात क्लोजअप नकोच.

तुमच्या दिग्दर्शकांचं अर्धं बरोबर आहे. नाटकात प्रेक्षक स्वतःच्या डोळ्यांनी संकलन करत असतो. कुठे बघायचं ते तो ठरवतो, आणि तुम्ही क्लोजअप लावला की ते त्याच्या हातून काढून घेता. 'घाशीराम कोतवाल'मध्ये ब्राह्मणांची रांग हाच पडदा असतो, तीच भिंत असते. ती रांग वळते, फुटते, पुन्हा जुळते. तिथे एखाद्याच्या चेहऱ्यावर गेलात तर एक हसरा माणूस दिसेल आणि नाटक फ्रेमबाहेर राहील. समूहाच्या हालचाली, नृत्य, एंट्री-एक्झिट आणि अंकाचा शेवट यांसाठी मास्टर सोडू नका.

पण दिवाणखान्यातलं, दोन माणसांतलं नाटक मोबाइलच्या पडद्यावर अडीच तास लांबून बघणं ही शिक्षा आहे. तिथे कंबरेपर्यंतचा शॉट सर्वात कामाचा, कारण हातही दिसतात. फक्त हनुवटी ते कपाळ असा क्लोजअप प्रयोगात चार-पाच वेळा पुरे. शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा म्हणून केलेला अभिनय इतक्या जवळून मोठा वाटतो, आणि मेकअपची रेघही दिसते.

७. चेहरे पांढरेफटक येतात आणि मागचं नेपथ्य काळं. कॅमेरा खराब आहे का?

कॅमेरा ठीक आहे, तो ऑटोवर आहे. रंगमंचाचा बराच भाग काळा असतो, त्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि स्पॉटमधला चेहरा जळतो. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा किती उजेड घेणार ते, हाताने, सर्वात उजळ चेहऱ्यावर ठरवा आणि तिथेच ठेवा. व्हाइट बॅलन्सही, म्हणजे कोणता उजेड पांढरा धरायचा तेही, बांधून टाका. हॅलोजनचे दिवे असतील तर ३२०० केल्विन. डिमर खाली आणला की हॅलोजन नारिंगी होत जातो. तो रंग प्रकाशयोजनाकाराने मुद्दाम आणलेला असतो, कॅमेऱ्याने तो "सुधारू" नये.

मग प्रकाशयोजनाकाराशी बोला, पण नीट बोला. डोळ्याला अंधारातलं जितकं दिसतं तितकं कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून रात्रीच्या प्रवेशाची लेव्हल थोडी वर आणि सोलो स्पॉटची थोडी खाली, एवढीच विनंती करायची. "सगळं फुल करा" म्हणालात तर पुढचं सहकार्य विसरा. निळ्या एलईडीखाली चेहऱ्याचा नुसता निळा डाग होतो. त्यात जरासा पांढरा मिसळून मागा.

८. व्हिडिओत पट्टे फिरताना दिसतात, डोळ्यांना दिसत नव्हते.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. बहुतेक वेळा पट्टे जातात. काही स्वस्त एलईडी तरीही त्रास देतात, म्हणून तालमीच्या दिवशी प्रत्येक दिवा मंद लेव्हलवर लावून दोन मिनिटं रेकॉर्ड करून बघा. मागे एलईडी वॉल असेल तर तिच्यावर थेट फोकस करू नका, जाळी दिसते.

९. ब्लॅकआउट झाला की फोकस जातो.

ऑटोफोकस बंद करा. अंधारात कॅमेरा काहीतरी शोधत सुटतो. आमच्या एका प्रयोगात तो सहाव्या रांगेतल्या लहान मुलाच्या डोक्यावर जाऊन बसला, आणि पुढचा प्रवेश उजळला तेव्हा त्या मुलाचा शेंडीसारखा उभा केस लख्ख आणि मागे नायिका धुक्यात.

१०. आवाज कॅमेऱ्याच्या माइकवरच घेतला तर?

नको. पैसे कमी असतील तर एक कॅमेरा कमी करा, माइक कमी करू नका. चित्र थोडं डावं असलं तर लोक बघतात. वाक्य कळलं नाही तर दहा मिनिटांत बंद करतात.

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. २० मीटर मागे ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या माइकवर तो जवळजवळ ६० मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि आपली एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे ओठ आणि आवाज दीड फ्रेम चुकलेले, वर पंख्यांची घरघर, खोकला आणि पॉपकॉर्नची पिशवी. त्या माइकचा आवाज नंतर जुळवून घ्यायला ठेवा, ऐकवायला नाही.

मुख्य आवाज साउंड ऑपरेटरच्या मिक्सरवरून घ्या, जमलं तर प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटला. सगळं एकत्र केलेलं मिक्स नाट्यगृहासाठी केलेलं असतं: भारदस्त आवाजाच्या नटाला माइक कमी दिलेला असतो, कारण त्याचा आवाज सभागृहात तसाही पोचतो. रेकॉर्डिंगमध्ये तो गायबच होतो. रंगमंचाच्या कडेचे फूट माइक आणि वरचे हँगिंग माइक असतील तर तेही वेगळे घ्या. फूट माइकजवळ नाचाची थाप किंवा काठी आपटायची जागा आहे का, हे आधी बघून घ्या.

आणि प्रेक्षकांकडे तोंड केलेले दोन माइक लावाच. सुरुवातीच्या काळात आम्ही एक विनोदी नाटक फक्त मिक्सरवरून घेतलं. घरी येऊन लावलं तर वाक्यं काचेसारखी स्वच्छ, पण हशा नाही. नट लाफ्टरसाठी थांबलेले, आणि पडद्यावर मात्र सगळे एकदम वाक्य विसरल्यासारखे एकमेकांकडे बघत उभे. निर्मात्यांनी शांतपणे विचारलं, "नाटक पडलं का हो त्या दिवशी?" त्या दिवशी हाउसफुल्ल होतं.

११. लेपल माइक (कपड्याला लावायचा छोटा माइक) साडीत कुठे लपवायचा?

साडीत नकोच. पदर सरकतो, रेशीम खसखसतं, आणि मंगळसूत्राचे मणी माइकवर टिकटिकत राहतात. ही टिकटिक नंतर काढता येत नाही. आम्ही पूर्ण दुसरा अंक प्रयत्न करून पाहिला आहे. कपाळावर केस सुरू होतात तिथे माइक आणि वायर अंबाड्यातून मागे, हे सर्वात बरं. पुरुषांना पगडी-फेट्याच्या कडेत किंवा कानामागून. मिठीचा प्रवेश असेल तर कुणाचा माइक चालू ठेवायचा ते ऑपरेटरला आधी सांगा. मध्यंतरात बॅटऱ्या बदला, त्या "अजून अर्ध्या" दिसत असल्या तरी.

१२. प्रेक्षकांसमोर शूट करावं की रिकाम्या थिएटरात?

दोन्ही जमलं तर उत्तम. 'हॅमिल्टन'चं असंच झालं: काही प्रयोग प्रेक्षकांसमोर, आणि मधल्या वेळात प्रेक्षकांशिवाय काही भाग, ज्यात कॅमेरा थेट रंगमंचावर जाऊ शकला. आपल्याकडे नाट्यगृहाची तारीख मिळणंच कठीण, तिथे जास्तीचं सत्र कुठून आणणार? मग पर्याय असा: सकाळी लवकर सेट लावून निवडक तीन-चार प्रवेश प्रेक्षकांशिवाय, आणि संध्याकाळी पूर्ण प्रयोग.

विनोदी नाटक पूर्णपणे रिकाम्या थिएटरात कधीही नको. कारण प्रश्न १०च्या शेवटी आहे.

१३. दोन प्रयोग शूट करून एकत्र जोडता येतात का?

येतात. पण वेशभूषा, केस, टेबलावरच्या वस्तू, कप कोणत्या हातात हे सगळं सारखं हवं. रंगमंच व्यवस्थेतल्या एकाला फक्त यासाठी फोटो काढायला सांगा. खरी अडचण लयीची असते: शनिवारचा प्रयोग रविवारपेक्षा पाच-सात मिनिटं लांबलेला निघतो. त्यामुळे वाक्यागणिक नाही, प्रवेशागणिक जोडा.

नट वाक्य विसरला आणि दुसऱ्याने सावरून घेतलं, तर आम्ही बहुधा ते तसंच ठेवतो. सेटचा दरवाजा उघडलाच नाही, तर दुसऱ्या प्रयोगातला घेतो.

१४. परवानगी कुणाकुणाची लागते?

सर्वात आधी लेखकाची. प्रयोगाचे हक्क घेतले म्हणजे चित्रीकरणाचे मिळाले असं होत नाही. नाट्यकृतीचा चित्रपट किंवा ध्वनिचित्रमुद्रण करण्याचा हक्क १९५७च्या कॉपीराइट कायद्यात वेगळा आहे. मग गीतकार, संगीतकार आणि सगळे कलाकार. कलाकारांचे हक्क कलम ३८ आणि ३८-अ मध्ये आहेत आणि ते ५० वर्षं टिकतात. कलाकाराने लेखी संमती दिली की तो त्या चित्रीकरणाला नंतर हरकत घेऊ शकत नाही, पण व्यावसायिक वापर झाला तर मानधनाचा वाटा मागू शकतो. दिग्दर्शक, नेपथ्यकार, प्रकाशयोजनाकार यांचंही करारात लिहून घ्या. नाट्यगृहाचं शूटिंगचं भाडं बहुधा वेगळं असतं, तारीख घेतानाच विचारा.

करारात मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. यूट्यूब मात्र साऱ्या जगात दिसतं.

१५. आम्ही गणेशोत्सवात फुकट प्रयोग केला, लेखकाची परवानगी लागली नाही. मग रेकॉर्डिंगही टाकू शकतो ना?

नाही. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, पण ती प्रयोगापुरती. कॅमेरा चालू केला आणि अपलोड केलं की तुम्ही प्रश्न १४ मध्ये आलात. तसंही लेखकाला एक फोन करायला काय जातं? बहुतेकजण खूश होतात.

१६. आमच्याकडे लेखकाचा वीस वर्षांपूर्वीचा करार आहे, "सर्व माध्यमांचे हक्क" असं लिहिलंय. ओटीटीला चालेल?

त्यावर विसंबू नका. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर हक्क मिळाले असं धरता येत नाही, अशी तरतूद २०१२च्या दुरुस्तीने आली. जुन्या शब्दांचा कीस पाडण्यापेक्षा लेखकाशी किंवा वारसांशी नवा करार करा. वारस तीन असतील तर तिघांच्या सह्या.

१७. जुनं संगीत नाटक करतोय. त्याला तर कॉपीराइट उरलाच नाही?

लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजायची. 'संगीत सौभद्र'चे अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली गेले, खाडिलकर १९४८ साली. त्यांची संहिता मोकळी आहे. पण संहिता, पदं आणि चाली यांचे हिशोब वेगळे करा. 'एकच प्याला' गडकऱ्यांचं, पण पदं वि. सी. गुर्जरांची, म्हणून पदांची वर्षं गुर्जरांवरून मोजायची. कुणी हल्ली नवी रंगावृत्ती केली असेल किंवा एखाद्या पदाला नवी चाल दिली असेल, तर त्या नव्या भागाचे हक्क त्या माणसाचे. आणि जुन्या गायकाची ध्वनिमुद्रिका वाजवायची असेल तर ध्वनिमुद्रणाचा हक्क हा चौथाच हिशोब.

१८. पार्श्वसंगीतात हिंदी गाण्याचा दहा सेकंदांचा तुकडा आहे. "दहा सेकंद चालतात" असं ऐकलंय.

असा काही नियम नाही. यूट्यूबची यंत्रणा तो तुकडा ओळखते आणि जाहिरातीचे पैसे दुसऱ्याकडे जातात किंवा व्हिडिओ अडतो. चित्रीकरणाच्या प्रयोगासाठी त्या जागी स्वतःचं संगीत वाजवा. नंतर काढायला गेलात तर त्यावर बोललेली वाक्यंही जातात.

१९. संहितेला सेन्सॉर प्रमाणपत्र आहे. तेच पडद्याला चालेल?

ते रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, रंगमंचावरच्या प्रयोगासाठी. चित्रपटगृहात दाखवायचं तर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र लागेल. ओटीटीवर २०२१च्या नियमांप्रमाणे मंच स्वतःच वयोगट ठरवतो.

२०. मुलांना मराठी वाचता येत नाही, सबटायटल्स हवीत. संहितेचं भाषांतर चिकटवलं तर?

परदेशातल्या मंडळांचा हा नेहमीचा प्रश्न. संहितेवरून सुरुवात करा, पण नट प्रयोगात बोलले तेच लिहा. शंभराव्या प्रयोगापर्यंत संहितेत बरीच भर पडलेली असते. विनोदाची ओळ हशाच्या आधी दिसली तर मुलं नटाच्या आधी हसतात, म्हणून ती वाक्याच्या शेवटच्या शब्दाबरोबर आणा. आणि "अगं बाई"चं भाषांतर करू नका, चेहऱ्यावर कळतं.

२१. अडीच तासांच्या नाटकाला किती जागा लागते, आणि ते जपायचं कसं?

सेकंदाला १०० मेगाबिटने रेकॉर्ड केलं तर तासाला ४५ जीबी, म्हणजे अडीच तासांना एका कॅमेऱ्याचे ११० जीबीहून जास्त. चार कॅमेरे धरले तर साडेचारशे. काही जुने फोटोचे कॅमेरे अर्ध्या तासाला रेकॉर्डिंग आपोआप बंद करतात. हे प्रयोगाच्या आधी तपासा, पहिल्या अंकाच्या क्लायमॅक्सला नव्हे. प्रयोग संपल्यावर दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी केल्याशिवाय कार्ड पुसू नका, आणि दोन्ही डिस्क एकाच पिशवीतून नेऊ नका.

जुन्या व्हीएचएस असतील तर त्या आधी हाती घ्या. पुण्या-मुंबईच्या दमट कपाटांत फितीला बुरशी धरते. झडप उघडून फितीवर पांढरे ठिपके दिसले तर "चालते का बघू" म्हणून ती प्लेअरमध्ये घालू नका. ती बुरशी हेडला लागते, आणि हेडवरून तुम्ही त्यानंतर लावाल त्या प्रत्येक कॅसेटला.